पश्चिमेस भिंत

सर्कलआप्पांना काहीही सांगा, ते आधी एवढंच विचारतात, "आयकेल का दखेल?"

म्हणजे हे नुसतं ऐकलंस की डोळ्यांनी पाहिलंस. पाहिलं असेल तर विषय संपला. ऐकलं असेल तर तुमची धडगत नाही. आप्पा घरात जातात, कापडी पुठ्ठ्याचं जाडजूड रजिस्टर काखेत मारून बाहेर येतात, ओट्यावर मांडी घालतात आणि तुमच्या त्या अफवेचा पंचनामा करतात. अगदी रीतसर. अफवा तुला कोणी सांगितली, त्याला कोणी सांगितली, सांगताना तो शुद्धीत होता का, सगळं लिहून घेतात आणि खाली दोन पंचांच्या सह्या. अक्कलकुव्याच्या आमच्या गल्लीत आप्पांचा पंच झाला नाही असा माणूस सापडायचा नाही. मी तर कायमचा पंच. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान त्यांच्या ओट्याच्या बरोबर समोर आहे, पळणार कुठे?

आप्पांचं नाव रोहिदास. महसूल खात्यात तलाठी म्हणून लागले आणि सर्कल, म्हणजे पाच-सहा तलाठ्यांवरचे साहेब, म्हणून निवृत्त झाले. नोकरी सुटली, पण हात काही सुटला नाही. तोंडात चोवीस तास अहिराणी, आणि पेन हातात आलं की 'सबब', 'उपरोक्त' आणि 'येणेप्रमाणे'. मध्यंतरी मोलगीच्या रस्त्याला बिबट्या आल्याचा बोभाटा झाला. लोकांनी दारं लावून घेतली. आप्पा टोपी घालून गेले, चार लोकांचे जबाब घेतले आणि लिहिलं, 'चौकशीअंती सदर बिबट्या हा भुरकट रंगाचा कुत्रा असल्याचे निदर्शनास आले. कुत्रा जबाब देण्यास असमर्थ.' खाली माझी सही आहे. कुत्रा मी पाहिलासुद्धा नव्हता.

संशय हा त्यांचा स्वभावच. चहात साखर घातली म्हटलं तरी पेला उजेडात धरून तळ बघतील. मी त्यांच्या फोनला नवी काच बसवली, तर जुनी काच मागून घेतली. म्हणे, बदलेल शे याना पुरावा काय. तरुणपणी ते तोरणमाळला तलाठी होते. तिथला घाट पायी चढायचा, आणि वर गेल्यावर कळायचं की ज्या कामासाठी बोलावलं ते घडलेलंच नाही, कोणीतरी कोणाकडून तरी ऐकलं होतं. त्या घाटानं मला शहाणं केलं, असं ते सांगतात. मला विचाराल तर घाटाला उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही, मूळचाच नमुना आहे.

पंचनाम्यात त्यांचा सगळ्यात आवडता भाग म्हणजे चतुःसीमा. जमिनीच्या कागदात लिहितात ना, पूर्वेला काय, पश्चिमेला काय, तसं. अफवेला कसली आलीय चतुःसीमा? पण आप्पा म्हणतात, पंचनामा जिथं बसून लिहिला ती जागा तरी कागदावर आली पाहिजे. म्हणून प्रत्येक पानावर त्यांच्याच घराच्या चार बाजू असतात. पूर्वेस रस्ता व गोकुळचे दुकान. गोकुळ म्हणजे मी. उत्तरेस पिठाची गिरणी. दक्षिणेस बोळ. पश्चिमेस भिंत.

आता, जमिनीच्या कागदात पश्चिमेस भिंत असं कोणी लिहीत नाही. भिंतीपलीकडे कोण राहतो त्याचं नाव लिहितात. हे आप्पांनी आयुष्यभर इतरांना शिकवलं. आणि भिंतीपलीकडे कोण राहतो हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, हिरालाल.

अकरा वर्षांपूर्वी दोघं भाऊ वेगळे निघाले. भांडण काही नव्हतं. घर दोघांचं, अर्धं अर्धं करायचं, एवढंच. हिरालालकाका म्हणाले, आप्पा, तू बोट दाखव, तिथून मी माझं समजतो. पण आप्पा पडले महसूल खात्याचे. फीत आणली, खुंट्या आणल्या, दोन पंच बोलावले आणि स्वतःच्या घराची बोटभर फरक न पडता मोजणी केली. मधली रेषा बैठकीच्या खोलीतून गेली, जिथं दोघं भाऊ जेवायला बसायचे त्या जागेवरून. हिरालालकाकांनी सगळं मुकाट्यानं पाहिलं आणि शेवटी एकच विचारलं, "तू भाऊ शे का मोजणीदार?"

नऊ इंची भिंत उभी राहिली आणि बोलणं बंद. चार वर्षांपूर्वी काकू, म्हणजे आप्पांची बायको, गेली. हिरालालकाका तेरा दिवस रोज आले, चटईच्या कडेला बसले, उठून गेले. दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. मला तेव्हा दोघांचाही राग आला होता, अजून येतो.

तर अशा या आप्पांच्या कानावर मी, माझ्याच मूर्खपणानं, एक अफवा घातली.

झालं असं की दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि मी मोबाइलवर बातम्या चाळत होतो. व्हिडिओ गेमचा एक नवा डबा येणार म्हणून जगभर कुजबुज चालली होती. डबा ठेवायचा एका खोलीत, आणि चित्र म्हणे घरातल्या सगळ्या टीव्हींवर जाणार. तार नाही, काही नाही. एक जण बैठकीत, एक जण स्वयंपाकघरात, एक जण माडीवर, आणि खेळ सगळ्यांचा एकच. मी ते गिरणीवाल्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. ओट्यावरून आवाज आला, "आयकेल का दखेल?"

मी कपाळावर हात मारून घेतला. रजिस्टर बाहेर आलं.

'गोकुळ या इसमाचा जबाब असा की, परदेशातील एक मोठी कंपनी खेळाचा नवा डबा काढणार असून सदर डब्याचे चित्र अन्य खोल्यांतील टीव्हींवर विनातार दिसेल. सदर इसमाने डबा पाहिलेला नाही. कंपनीने कबूल केलेले नाही. ज्याने ही बातमी प्रथम दिली त्याचे नाव व तोंड दोन्ही उपलब्ध नाहीत.' मग चतुःसीमा, पूर्वेस मी, पश्चिमेस भिंत. आम्ही सह्या केल्या.

नेहमी यानंतर आप्पा 'अफवा निराधार, सबब प्रकरण निकाली' असं लिहून रजिस्टर बंद करतात. त्या दिवशी त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पान तसंच ठेवलं. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर आप्पा हजर.

"भिंतमाईन जाई का ते?"

"काय?"

"चित्र रे. तार नही ना. मंग भिंतमाईन जाई का?"

म्हटलं, भिंतीतून जाईल की, एवढ्यासाठीच तर म्हणे विनातार आहे. त्यावर आप्पा म्हणाले, "'म्हणे' नको सांगू. कितली जाडी भिंत चाली?" पुढचे आठ दिवस हेच. विटांची चालेल का, मधे लोखंड असेल तर, चुना असेल तर. पलीकडच्या माणसाला कळतं का चित्र कोण पाठवतंय ते? त्याची परवानगी लागते का? आणि डबा येणार कधी, दिवाळीच्या आत की नंतर? मी सांगितलं, आप्पा, अजून डबा कोणी पाहिलेला नाही, येईल तेव्हा येईल, पुढल्या वर्षी किंवा त्याच्याही पुढल्या. त्यांचा चेहरा एकदम उतरला. ज्या माणसानं अख्ख्या गावाच्या बिबट्यावर विश्वास ठेवला नाही, त्याला ही एवढी हवेतली गोष्ट खरी व्हायला हवी होती. का?

गल्लीनं आपल्या परीनं उत्तर काढलं. गिरणीवाला म्हणाला, "म्हातारा केस टाकी ऱ्हायना." म्हणजे उद्या हिरालालकाकांच्या टीव्हीच्या लहरी भिंत ओलांडून आल्या, तर आप्पा अतिक्रमणाचा अर्ज देणार, आणि त्याचा पुरावा आतापासून गोळा करतायत. हसू नका. आप्पांनी एकदा शेजारच्या शेवग्याच्या सावलीवर पंचनामा केला होता. मलाही ते पटलं. मी आप्पांना उत्तरं देताना जपून द्यायला लागलो, न जाणो आपणच साक्षीदार म्हणून उभे राहायचो.

आणि मग एका दुपारी हिरालालकाका दुकानात आले. फोनला कव्हर हवं होतं म्हणे. दहा कव्हरं चाळली, एकही घेतलं नाही, आणि हळूच विचारलं, "आप्पा काय लिखी ऱ्हायना मन्हा बद्दल?"

म्हटलं, तुमच्याबद्दल काही नाही, काका, एका गेमच्या डब्याबद्दल आहे.

"मंग भिंत कसाले मोजी ऱ्हायना? मी दखं. दोन दिन झाया, बाहेरथीन फीत लाई ऱ्हायना." हातातलं कव्हर परत ठेवत म्हणाले, "नोटीस काढी का रे? मी तं तसाबी चालनू."

तेव्हा मला कळलं. त्यांचा मुलगा सुरतेला नोकरीला आहे, काकी, म्हणजे त्यांची बायको, आधीच नातवाला सांभाळायला तिकडे गेलेल्या, आणि दिवाळी झाली की तेही कायमचे जाणार. घराला कुलूप लागणार. मी विचारलं, आप्पांना सांगितलंत का? ते म्हणाले, "मी कसाले सांगू? त्याले गिरणीवाला सांगीच." आणि निघून गेले. म्हणजे आप्पांना ठाऊक होतं. म्हणूनच दिवाळीच्या आत की नंतर ते विचारत होते. इतकं माझ्या डोक्यात आलं, पण त्याचा अर्थ काही लागला नाही. जाणाऱ्या भावावर केस टाकायची एवढी घाई? मला आप्पांची शिसारीच आली.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी फर्मान काढलं, स्थळपाहणी करायची. डबा नसेल तर नसो, विनातार चित्र भिंतीतून जातं हे तरी सिद्ध करून दाखव. फोनचं चित्र टीव्हीवर पाठवता येतं हे त्यांना मीच कधीतरी सांगितलं होतं. मी दुकानातल्या टीव्हीवर करून दाखवलं, मधे माझी आतली भिंत होती. आप्पांनी भिंतीवर टिचकी मारली. "ही चार इंची शे. मन्ही नऊ इंची शे."

"म्हणजे तुमच्या घरून करायचं? आणि टीव्ही कोणाचा?"

आप्पा पूर्वेला, रस्त्याकडे बघत म्हणाले, "तठे एक टीव्ही शे, आसं आयकेल शे."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण आप्पांना नाही म्हणून पाहा एकदा. मी त्यांच्या घरी गेलो, त्यांचा फोन भिंतीजवळच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि कॅमेरा चालू करून ठेवला, म्हणजे पलीकडे काहीतरी हलतं दिसावं. कोणतं बटण दाबायचं ते तीनदा दाखवलं. कॅमेऱ्यासमोर काय ठेवू, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, काहीही ठेवा, तुमचं रजिस्टर ठेवा. मग बोळातून वळसा घालून हिरालालकाकांकडे गेलो.

घरात खोकी बांधलेली. फक्त टीव्ही भिंतीला, त्याच भिंतीला, अजून टांगलेला. मी म्हटलं, काका, टीव्ही जरा तपासतो, सुरतेला न्यायचा असेल तर. ते म्हणाले, "तुले कोनी धाडं?" माझं तोंड बघून त्यांना काय कळायचं ते कळलं असावं, कारण ते रिमोट हातात घेऊन खोक्यावर बसले. म्हणाले, "दखूत. काय काढस ते."

टीव्हीवर एक चौकट आली. 'रोहिदास सर्कल, निवृत्त' हा फोन जोडला जाऊ इच्छितो, परवानगी द्यायची? हो किंवा नाही. ते फोनचं नाव आप्पांनीच माझ्याकडून घालून घेतलं होतं, हुद्द्यासकट.

हिरालालकाकांनी ते दोनदा वाचलं. रिमोट धरलेला हात मांडीवर तसाच. "हाई काय शे? तो इचारी ऱ्हायना?"

"हो काका. ते विचारतायत."

"माले?"

"तुम्हालाच."

ते बघतच राहिले. अशी चौकट जास्त वेळ थांबत नाही. उत्तर मिळालं नाही की जाते, तशी ती गेली आणि टीव्ही काळा झाला. हिरालालकाका चटकन उठले. "गयं?" त्यांचा आवाज मला ऐकवला नाही. मी म्हणणार होतो की आप्पांना सांगून येतो, पुन्हा पाठवा म्हणावं. पण मला माहीत होतं, आप्पा एक गोष्ट दोनदा विचारत नाहीत. खात्यात असताना साहेबालाही त्यांनी दोनदा विचारलेलं नाही.

चौकट परत आली. रोहिदास सर्कल, निवृत्त. परवानगी द्यायची?

हिरालालकाकांनी बटण इतकं जोरात दाबलं की रिमोटचं झाकण निघालं.

मला वाटलं होतं रजिस्टर दिसेल. रजिस्टर नव्हतं. टेबलावर एक पिवळट पडलेला प्लास्टिकचा डबा होता, जुन्या काळचा, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन रिमोट, आखूड वायरींचे. मागे आप्पांचं अर्धं धोतर. मग आप्पा वाकले आणि पडद्यावर फक्त त्यांचं नाक आणि एक डोळा आला, संशयानं रोखून बघणारा.

"दिसी ऱ्हायनं का?" आवाज टीव्हीतून आला आणि भिंतीतूनही आला.

हिरालालकाका भिंतीकडे बघून म्हणाले, "दिसी ऱ्हायनं, आप्पा." अकरा वर्षांनी.

मग ते माझ्याकडे वळले आणि सांगत सुटले, जणू मी विचारलं होतं. तो डबा त्यांनीच सुरतेहून आणला होता. दोघं तेव्हा पंचविशी-तिशीचे, आप्पांची नवी नवी नोकरी. संध्याकाळी कचेरीतून आले की हातपाय धुवायच्या आत खेळायला बसायचे. वायर एवढी आखूड की दोघांना गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागायचं, आणि हरायला लागले की आप्पा गुडघ्यानं ढकलायचे. एकदा हिरालालकाकांनी लबाडी केली तर आप्पांनी पंचनामा लिहिला. आयुष्यातला पहिला. पंच म्हणून आईचा अंगठा घेतला होता. सांगता सांगता काका हसत होते आणि डोळे पुसत होते. वाटणीत तो डबा हरवला असं त्यांना वाटत होतं. "ठेवेल शे रे यानी," ते म्हणाले.

मला तेव्हा कळलं की आप्पांना केसबिस काही टाकायची नव्हती. तार टाकायची म्हटली की भिंतीला भोक पाडावं लागतं, आणि भोक कोणी पाडायचं यावर अकरा वर्षं अडलं होतं. विनातार डबा आला असता तर कोणालाच काही पाडावं लागलं नसतं. आपल्या घरी बसून भावाशी एक डाव खेळता आला असता, आणि गल्लीत कोणाला पत्ताही नसता. म्हणून त्या बिनबुडाच्या अफवेच्या मागे हा माणूस लागला होता. आणि आम्ही त्याला अतिक्रमण ठरवून मोकळे झालो होतो. मला माझीच लाज वाटली.

भिंतीतून पुन्हा आवाज आला. "तार आखूड शे, हिरा. तठून जमाव नही. आठे येनं पडी."

हिरालालकाका चपला न घालता आप्पांकडे गेले. बोळातून बारा पावलं आहेत, मी नंतर मोजली.

डबा अर्थातच चालू झाला नाही. मी दुकानात आणून उघडला, आतली सुटलेली वायर जोडली, धूळ झटकली आणि दोन दिवसांनी चालू करून दिला. म्हटलं, आप्पा, रिमोटच्या वायरी लांब करून देऊ? पाय आखडतात तुमचे. आप्पा म्हणाले, "आखूडच ऱ्हाऊ दे." दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी दोघं खेळले. गिरणीवाला खिडकीतून बघून आला आणि म्हणाला की दोघंही लबाडी करतात.

दिवाळी झाली आणि हिरालालकाका गेले. जाणं काही टळणारं नव्हतं, नातू होता तिकडे. आप्पा बसस्टँडवर सोडायला गेले. परत आले ते थेट ओट्यावर, आणि टोपीसुद्धा न काढता बसून राहिले. मी चहा पाठवला. त्यांनी साखर बघितली नाही.

परवा रजिस्टर घेऊन दुकानात आले.

"तो डबाना काय व्हयनं?"

म्हटलं, अजून आला नाही, आप्पा. कुजबुजच चाललीय.

"सूरत लगून जाई का?"

मी सांगितलं, नाही जायचं. जे काही आहे ते घरातल्या घरात.

"किती भिंती येतीस मझार?"

सुरतेपर्यंतच्या मधल्या भिंती कोणी मोजल्यात? आप्पांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. तेच पान, निकाली न काढलेलं. शेवटी लिहिलं होतं, 'नऊ इंची भिंतीतून चित्र जाते, हे समक्ष पाहिले. डब्याबाबत चौकशी चालू ठेवावी.' वर चतुःसीमेत एक ओळ खोडून, बाजूला बारीक सही करून, नवी लिहिली होती.

'पश्चिमेस धाकटा भाऊ हिरालाल. सध्या मुक्काम सूरत.'

मी वाचून पाहिलं आणि पंच म्हणून सही केली.